विट्याच्या उन्हातले सपाट छत

सपाट छत ही मुळात कमी पावसाच्या मुलखातली रचना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तिथले घर पाण्याला क्षणभरही थारा न देणारे उतरते छप्पर घेऊन उभे असते; तेथून शे-सव्वाशे किलोमीटर आग्नेयेला विट्याच्या पठारावर यावे, तर वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. खानापूर, आटपाडी, माण, जत हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, आणि या पट्ट्यातील जुन्या गावांत कौलांऐवजी मातीची सपाट माळवदे का दिसतात, याचे उत्तर या पावसाच्या मानात आहे.

माळवदाची रचना आजच्या छतांचा विचार करतानाही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. लाकडी तुळयांवर किलचांचा म्हणजे आडव्या लाकडी फळकुटांचा थर, त्यावर पाला किंवा काटक्या, त्यावर चिखल आणि सर्वांत वर 'पांढरी', म्हणजे जुन्या गावठाणातून खणून आणलेली बारीक कणांची फिकट माती, असे थर एकावर एक दाबून बसवलेले असत. ही माती भिजली की तिचे कण एकमेकांत घट्ट बसतात आणि पाण्याला खाली जाण्याची वाट मिळत नाही. काळ्या मातीप्रमाणे ती उन्हाळ्यात मोठमोठ्या भेगांनी फुटत नाही, आणि तिचा फिकट रंग उन्हाचा काही भाग परत फेकतो. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी पांढरी पसरण्याचा रिवाज होता. पाणी अडवणारा पातळ थर, उन्हाचा मारा परतवणारा पृष्ठभाग आणि वर्षातून एकदा त्यावर फिरणारा माणसाचा हात, या तीन गोष्टींवर ते छत टिकत असे. आज बांधकामाच्या भाषेत ज्याला मेंब्रेन म्हणतात, म्हणजे छतावर अखंड पसरलेले जलरोधक आवरण, ते काम माळवदावर ही माती करीत होती.

विटा हे खानापूर तालुक्याचे ठाणे. हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात मोडत होता, नंतर तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, आणि १९६० पासून तो जिल्हा सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. यंत्रमागाचे कारखाने, सुताला खळ देणारे सायझिंगचे कारखाने, आणि सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली कुटुंबे, ही या गावाची ओळख आहे. कराडहून जतकडे जाणाऱ्या गुहागर-विजापूर रस्त्यालगत जी दुकाने, बँका, मंगल कार्यालये आणि कारखाने उभे राहतात, त्यांतील बहुतेकांच्या डोक्यावर काँक्रीटचा सपाट स्लॅब असतो, आणि बांधकाम संपत आले की मालकापुढे एक प्रश्न येतो: या स्लॅबवर नेमके काय घालायचे? हा प्रश्न बहुधा पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आल्यावर विचारला जातो, हेच त्यातले पहिले दुखणे आहे.

काँक्रीट हे दिसते तसे पाणीबंद नसते. मिश्रणातले जास्तीचे पाणी उडून गेल्यावर त्यात सूक्ष्म नळ्या उरतात, सुकताना ते आकसते आणि त्यामुळे केसासारख्या भेगा पडतात. या वाटांनी शिरलेले पाणी आतल्या सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि फुगलेली सळई खालचे काँक्रीट ढकलून त्याचे पोपडे पाडते. छत गळते तेव्हा मालकाला भिंतीवरची ओल दिसते. खरी हानी मात्र स्लॅबच्या पोटात चाललेली असते.

या पाण्यावरचा जुना उपाय चुन्याच्या कोब्याचा होता. विटांचे बारीक तुकडे आणि चुना एकत्र करून तो थर लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकीत, आणि त्यावर गूळ व बेलफळ यांचे पाणी शिंपीत. हे मिश्रण भारतीय मानकानेही नोंदवलेले आहे, इतके ते कसाला उतरलेले होते. सिमेंट आल्यावर त्याच पद्धतीचा 'ब्रिकबॅट कोबा' झाला. आजही पश्चिम महाराष्ट्रात गच्ची म्हटली की गवंडी आधी कोब्याचे नाव घेतो, आणि त्याला कारण आहे: कोब्याने ढाळ देता येतो, म्हणजे पाणी वाहून जाण्यापुरता उतार तयार होतो, वर माणसे बिनदिक्कत वावरू शकतात आणि विटांच्या जाडीमुळे खालच्या खोलीला थोडी सावलीही मिळते. त्याची किंमत मात्र वजनात मोजावी लागते. सरासरी ११० मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोंहून अधिक भार टाकतो. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी संरचना अभियंता भारतीय मानकानुसार साधारण दीडशे किलोंचा वापरभार धरतो, हे लक्षात घेतले तर गच्चीवरच्या गर्दीपेक्षा जड असे ओझे छताने कायमचे वाहायचे असते. शिवाय सिमेंटचा कोबा ताठर असतो. तो तडकला की पाणी विटांच्या थरात मुरते, आडवे पसरते आणि भेगेपासून कितीतरी दूर असलेल्या कोपऱ्यात थेंबथेंब खाली उतरते. मग गळती कुठे आहे हे शोधताना अख्खी गच्ची उकरावी लागते.

कोबा तडकण्याचे कारण पावसात नसून उन्हात असते, आणि विट्यासारख्या गावी छताचा विचार करताना येथूनच सुरुवात करायला हवी. वर्षातले सात-आठ महिने छत कोरडे असते. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान चाळिशीला भिडते तेव्हा गडद रंगाच्या छताचा पृष्ठभाग ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि पठारावरच्या कोरड्या हवेत रात्र उतरताच तोच पृष्ठभाग झपाट्याने निवतो. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांश भागाने फुगते. म्हणजे ३० मीटर लांबीच्या कारखान्याच्या स्लॅबमध्ये ३० अंशांचा फरक पडला तर त्याची लांबी ९ मिलिमीटरने कमी-जास्त होते. ही हालचाल रोजची असते. मग वळवाचा एखादा पाऊस गारांसह येतो, तापलेल्या छतावर काही मिनिटांत थंड पाण्याचा लोट ओतला जातो, आणि जो पदार्थ उन्हाने कडक झालेला असतो तो नेमका त्या क्षणी फाटतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे डांबर आणि प्लॅस्टिक यांच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात, डांबरातील तेलकट अंश उडून जातात, आणि काही वर्षांत काळ्या लवचीक थराला आटलेल्या तळ्यातील गाळासारख्या जाळीदार भेगा पडतात. म्हणून कोकणात किंवा पाटणच्या खोऱ्यात यशस्वी ठरलेला पदार्थ विट्यातही तसाच टिकेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

बाजारात आज जी आवरणे मिळतात त्यांत सर्वाधिक परिचित म्हणजे सुधारित डांबराची गुंडाळी. साध्या डांबरात अ‍ॅटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक मिसळले की, साध्या डांबराच्या मानाने ते खूपच उंच तापमानाला मऊ पडते. या मिश्रणाला व्यवहारात एपीपी म्हणतात, आणि पॉलिएस्टरच्या जाळीवर त्याचा थर देऊन ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीच्या, साधारणतः १ मीटर रुंद व १० मीटर लांब गुंडाळ्या तयार केल्या जातात. डांबरात रबर मिसळलेला दुसरा प्रकार, एसबीएस, थंडीतही लवचीक राहतो आणि म्हणून हिमाच्या देशांत पसंत केला जातो. विट्यात हिमाची चिंता नाही, तापण्याची आहे, त्यामुळे इथे एपीपीचे पारडे जड ठरते. गुंडाळीची खालची बाजू गॅसच्या ज्योतीने वितळवीत ती प्रायमर दिलेल्या स्लॅबवर चिकटवली जाते. शेजारच्या पट्ट्यांचा जोड बाजूने १०० आणि टोकाला १५० मिलिमीटर एकमेकांवर चढवतात, आणि दाबल्यावर जोडाच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक सलग रेघ बाहेर आली तर जोड नीट वितळून एकजीव झाला असे समजतात. मालकाने काम चालू असताना पाहण्यासारखी एखादीच गोष्ट निवडायची असेल, तर ती ही रेघ.

यंत्रमागाच्या इमारतींना मात्र या पद्धतीत एक धोका आहे, आणि त्याचा विचार क्वचितच होतो. मागावरून उडणारे कापसाचे तंतू खिडक्यांच्या चौकटींत, पत्र्यांच्या खाचांत आणि पंख्यांच्या तोंडाशी साचतात व ठिणगीसरशी पेट घेतात. अशा ठिकाणी उघड्या ज्योतीने काम करणे जोखमीचे असते. तेथे निदान कडेच्या पट्ट्यांसाठी तरी मागचा कागद सोलून चिकटवण्याची थंड पद्धतीची गुंडाळी किंवा ब्रशने लावायचे द्रवरूप आवरण वापरणे शहाणपणाचे आहे. आणखी एक बाब या कारखान्यांची स्वतःची आहे. सुती धागा तुटू नये म्हणून विणकामाच्या जागी हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के ठेवावी लागते, आणि सायझिंगमध्ये तर वाफच वापरली जाते. ही बाष्पयुक्त हवा खालून स्लॅबमध्ये शिरते, वरून आवरणाने कोंडली जाते, आणि दुपारच्या उन्हात तिचा दाब वाढला की आवरणावर फोड येतात. म्हणून अशा छतावर स्लॅब खरोखर सुकल्याखेरीज काम सुरू करू नये. त्याची परीक्षा सोपी आहे: दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने स्लॅबवर बसवून सोळा तास ठेवावा, आणि त्याच्या आतल्या बाजूस दव जमले तर थांबावे.

दुसरा गट एकेरी, पातळ पत्र्यांचा आहे. जाडी बहुधा १.२ ते २ मिलिमीटर. त्यांत ईपीडीएम हे कृत्रिम रबर सर्वांत लवचीक आणि उन्हाला सर्वांत कणखर. मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट ताणले तरी ते तुटत नाही, आणि अनेक देशांत तीस-तीस वर्षे टिकल्याचा त्याचा लौकिक आहे. ते बहुधा काळे असते, त्याचे जोड वितळवता येत नाहीत तर चिकटपट्टीने जोडावे लागतात, आणि तेल किंवा तूप सांडले की ते फुगते, म्हणून खानावळीच्या धुराड्याजवळ ते घालू नये. पीव्हीसीचे पत्रे गरम हवेच्या यंत्राने एकमेकांत वितळवून जोडले जातात, त्यामुळे जोड एकजीव होतो. पण पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू निघून जाते, आणि डांबर किंवा थर्माकोल यांचा थेट स्पर्श झाल्यास ते आणखी लवकर जाते, म्हणून जुन्या डांबरी छतावर पीव्हीसी घालताना मधे जाड कापडी थर अंथरणे अनिवार्य असते. टीपीओ हे १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेले, गरम हवेने जोडले जाणारे आणि असे मऊकारी द्रव्य न लागणारे पांढरे आवरण; त्याच्या सुरुवातीच्या काही उत्पादनांना तीव्र उष्णतेत भेगा गेल्यामुळे पुढे मिश्रणे बदलली गेली, आणि म्हणूनच उन्हाच्या मुलखात टीपीओ घेताना उष्णतेत व अतिनील किरणांत जुनवून पाहिल्याचा चाचणी अहवाल मागणे हा मालकाचा हक्क मानला पाहिजे. लोखंडी सांगाड्यावर पत्रा टाकून बांधलेल्या मोठ्या गोदामाला किंवा शीतगृहाला, जिथे जड थर पेलणारच नाहीत, तिथे हे पांढरे पत्रे योग्य ठरतात. ते स्क्रूने बसवले असतील तर कडा आणि कोपरे येथे स्क्रू अधिक दाट लागतात, कारण वाऱ्याचे वर खेचणे तिथेच सर्वाधिक असते.

तिसरा प्रकार द्रवरूप आवरणांचा: पॉलियुरेथेन, अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरिया. छतावर पाण्याच्या टाक्यांचे पाय, नळ, जाहिरातफलकांचे खांब आणि वातानुकूलन यंत्रांचे चौथरे यांची गर्दी असेल, तर पत्रे कापून प्रत्येक पायाभोवती बसवण्यापेक्षा ब्रशने लावता येणारे आणि जोड नसणारे द्रव केव्हाही सोयीचे. मात्र त्याची जाडी मजुराच्या हातावर अवलंबून असते. दीड मिलिमीटर सुकी जाडी ठरली असेल आणि एका हातात अर्धा मिलिमीटरच बसला, तर फरक पहिल्या वर्षी दिसत नाही, तिसऱ्या वर्षी दिसतो. स्वस्त अ‍ॅक्रिलिक साचलेल्या पाण्यात मऊ पडते. पॉलियुरेथेनचा स्वस्त प्रकार उन्हात पिवळा पडून भुकटी सोडतो, म्हणून त्यावर अतिनील किरणांना टिकणारा वेगळा वरचा थर लागतो. डबे मोजणे हा येथे सर्वांत भरवशाचा उपाय: क्षेत्रफळावरून किती डबे लागले पाहिजेत हे आधी काढून रिकामे डबे गच्चीवरच जपून ठेवायला सांगावे.

या सर्व पदार्थांची तुलना करताना एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. माहितीपत्रकात 'तीनशे टक्के ताण' असे लिहिलेले असले, तरी स्लॅबला घट्ट चिकटलेल्या आवरणाला भेगेवर ताणायला लांबीच मिळत नाही. भेग शून्यावरून एक मिलिमीटर उघडते तेव्हा तिच्या नेमक्या वरच्या बिंदूवर येणारा ताण कोणत्याही टक्केवारीच्या पलीकडचा असतो. म्हणून ज्या सांध्यांवर हालचाल ठाऊक आहे, तिथे शंभर-दीडशे मिलिमीटर रुंदीची पट्टी मुद्दाम न चिकटवता सोडतात, म्हणजे तेवढी लांबी ताण वाटून घेते.

आणि पदार्थ कोणताही असो, गळती बहुधा मधल्या सपाट भागात होत नाही, कडेला होते. स्लॅब आणि कठडा जिथे काटकोनात भेटतात तिथे गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई हवी, आवरण कठड्यावर निदान दीडशे मिलिमीटर चढून खाचेत दाबलेले हवे, आणि पाणी उतरणाऱ्या नळाच्या तोंडात ते वळून आत गेलेले हवे. नळांची संख्या हा तर अनेक इमारतींत केवळ अंदाजाचा विषय असतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकानुसार ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा एक नळ सुमारे ४३ चौरस मीटर छताचे पाणी नेऊ शकतो. म्हणजे पाच हजार चौरस फुटांच्या, सुमारे ४६५ चौरस मीटरच्या छताला अकरा नळ लागतील. विट्याचा वर्षभराचा पाऊस कमी, म्हणून चार नळ पुरेत, हा हिशेब चुकीचा आहे, कारण अवर्षणप्रवण भागातला पाऊस थोड्या वेळात दाटून पडतो. अशा छतावर ५० मिलिमीटर पाऊस एका तासात झाला तर तेवीस हजार लिटर पाणी गोळा होते, आणि एक नळ पाल्याने किंवा कापसाच्या तंतूंनी तुंबला तर ते सारे कठड्याआड उभे राहते. ढाळ शंभरास एक हवा, आणि तो आवरणाखाली द्यायचा असतो.

एवढे पाहिल्यावर विट्यातील नेहमीच्या दुमजली-तिमजली व्यापारी इमारतीसाठी कौल कुठे जातो? काँक्रीटचा स्लॅब, वर माणसांची ये-जा आणि कामाला स्थानिक कारागीर, अशी स्थिती असेल तर पॉलिएस्टर जाळीचे ४ मिलिमीटरचे एपीपी, आणि त्यावर सूर्याला थेट भिडणारा पांढरा परावर्तक थर किंवा फिकट फरशी, हा सर्वांत समंजस पर्याय दिसतो. तो जगातला सर्वोत्तम पदार्थ आहे म्हणून नव्हे. तो फाटला तर त्याच गावातला किंवा कराड-सांगलीचा कारागीर गॅसची टाकी घेऊन दुसऱ्या दिवशी येऊ शकतो म्हणून. गरम हवेचे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस पुण्या-मुंबईहून बोलवावा लागत असेल, तर उत्तमातले उत्तम टीपीओसुद्धा पहिल्या भोकानंतर कुणीतरी सिमेंट थापून 'दुरुस्त' करतो. गलाईच्या धंद्यासाठी मालक वर्षातले दहा महिने दूरच्या राज्यात असतो आणि इमारत भाडेकरूंच्या हवाली असते, अशा ठिकाणी तर दुरुस्तीची सोय हाच पहिला निकष ठरावा.

पांढऱ्या रंगाचा आग्रह केवळ आवरणाच्या आयुष्यासाठी नाही. नवे पांढरे छत सूर्याची सत्तर-ऐंशी टक्के उष्णता परतवते, आणि धुळीने ती क्षमता काही वर्षांत घटली तरी खालच्या मजल्यावर बसणाऱ्या माणसाला दुपारी फरक जाणवतो. मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगारासाठी ही चैनीची बाब नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र राज्य धोरण आणले. विट्याच्या दुष्काळी पट्ट्याला त्याची गरज तेलंगणापेक्षा कमी आहे, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आता छतावर सौर पटलेही येतात. त्यांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले जाते, आणि आवरण दहा-बारा वर्षांचे असेल तर मधेच सारी पटले उतरवून काम करावे लागेल. म्हणून पटले बसण्याआधीच आवरण नवे करावे, आणि सांगाडा स्लॅबला छिद्रे पाडून न बसवता वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, खाली रबराची गादी देऊन ठेवावा. तो भार स्लॅब पेलतो की नाही, हे मात्र संरचना अभियंत्याला विचारल्यावाचून ठरवू नये.

काम पूर्ण झाल्यावर नळांची तोंडे बंद करून गच्चीत पाणी साठवावे आणि ते दोन दिवस तसेच ठेवून खालून छत पाहावे. ही परीक्षा फरशी किंवा रंग चढण्यापूर्वी व्हायला हवी आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तिच्यानंतरच द्यायला हवा. हमीपत्रात केवळ मालाची हमी आहे की कामाचीही, हे वाचून घ्यावे. पुढे वर्षातून दोनदा कुणीतरी गच्चीवर चढले पाहिजे: एकदा मृगाच्या आधी, जेव्हा पूर्वी माळवदावर पांढरी टाकली जाई, आणि एकदा परतीचा पाऊस गेल्यावर, कारण या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरचे पाऊसही जोरकस असतात. नळांची तोंडे मोकळी करणे, कठड्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे, सुटलेला जोड दाबून पाहणे, एवढे काम अर्ध्या दिवसाचे आहे. आणि छताचा एक नकाशा, ज्यावर प्रत्येक नळ, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक जुन्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली आहे, तो इमारतीच्या कागदपत्रांसोबत ठेवला तर पुढचा कारागीर कुदळ हातात घेण्याआधी तो पाहील.